पावणेदहापर्यंतची वाट

जूनमधल्या एका मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास मुलीचा वेल्सहून फोन आला, तेव्हा मी सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या ऑफिसात डबा उघडत होते. तिच्याकडे सकाळचे सहा वाजले होते. सहाला आपणहून उठलेली ही मुलगी टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकोणीस वर्षांत पाहिलेली नव्हती. मी डब्याचं झाकण परत लावलं.

"बरी आहेस ना?"

"बरीच आहे. तू टेंटमध्ये झोपून बघ एकदा, आई. मेंढ्या सो नॉइझी. आणि चारला उजाडतं इथे."

युनिव्हर्सिटीतल्या चार-पाच जणांबरोबर ती गॉवरला तंबू ठोकून राहिली होती. बाकीचे झोपलेले होते. हिला ते उठायच्या आत सापावर जाऊन यायचं होतं.

"एकटी?"

"एकटीच. ते लोक बाराशिवाय उठत नाहीत. तू मला टाइड बघून दे ना. तुझंच तर काम आहे ते, ला." मुलगी वेल्सला गेली तरी वाक्याच्या शेपटीचा सिंगापुरी 'ला' गेला नव्हता.

साप म्हणजे काय ते सांगायला हवं. गॉवर हे वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक लहानसं द्वीपकल्प. त्याच्या पश्चिम टोकाला जवळपास दीड किलोमीटर लांबीचा एक डोंगर समुद्रात शिरलेला आहे. आधी उंटाला असतं तसं एक मोठं वशिंड, मग सखल मान, मग एक उंचवटा, आणि शेवटी वर उचललेलं डोकं. नकाशावर त्याचं नाव वर्म्स हेड. हा वर्म म्हणजे इंग्रजीतला किडा नव्हे. उत्तरेकडून जहाजांनी आलेल्या लुटारूंनी आपल्या भाषेत त्याला साप किंवा ड्रॅगन म्हटलं आणि नाव तिथेच राहिलं, असं सांगतात. आम्ही घरात त्याला साप म्हणतो. ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास जमीन आणि साप यांच्यामध्ये खडकांची एक वाट उघडी पडते. एरवी ते बेट असतं. वाट म्हणजे पायवाट नव्हे. धारदार काळे खडक, त्यांच्यावर चिकटलेले शिंपले, मध्ये खाऱ्या पाण्याची डबकी. पार करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

भरतीच्या वेळा बघणं हे माझं काम आहे हे खरं. कुठलं जहाज कधी धक्क्याला लागणार याची वेळापत्रकं करणाऱ्या कंपनीत मी आहे. आमच्याकडे वेळ चार आकडी असते. 'दुपारकडे', 'जेवणाच्या सुमारास' असं काही नसतं. पंधरा मिनिटांची चूक झाली तर तीन देशांतले लोक ईमेल पाठवतात, आणि प्रत्येक ईमेलची सुरुवात 'आशा आहे आपण कुशल असाल' अशी होते.

मी तक्ता उघडला. वेळ ग्रिनिचची होती. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे असतात, तो तास मी आठवणीने मिळवला. ही चूक पर्यटक करतात, मी कशाला करीन? ओहोटी सव्वासातला. त्यात अडीच तास.

"पावणेदहाच्या आत तुझे पाय अलीकडच्या काठाला लागले पाहिजेत," मी म्हणाले. "आत म्हणजे आत. पावणेदहाला वाटेत असून चालणार नाही."

"ओके ला. पावणेदहा. नोटेड."

"परत सांग."

"पा-व-णे-द-हा. आई, मी काय सहा वर्षांची आहे?"

फोन ठेवून मी भेंडीची भाजी खाल्ली. मनातून जरा बरं वाटलं. वेल्सच्या टोकाला बसून आमची मुलगी 'पावणेदहा' म्हणते. इथल्या मराठी कार्यक्रमांत पाहुण्यांना भाषा जपण्यावर चाळीस मिनिटं बोलताना मी ऐकलेलं आहे. त्यांतल्या निम्म्यांची नातवंडं पहिल्या रांगेत हेडफोन लावून बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहून मी कायम मनातल्या मनात हसत आले. आमच्या घरात नियम साधा होता. बाहेर काय बोलायचं ते बोला, पण घड्याळ आणि जेवण मराठीत.

दोन वर्षांपूर्वी तिला तिकडे पोहोचवायला गेले होते, तेव्हा कॉलेज सुरू व्हायला चार दिवस होते. ते आम्ही सापासमोरच्या गावात काढले. एका बाईंच्या घरात वरची खोली मिळाली. बाई सत्तरीकडे झुकलेल्या, शाळेतून निवृत्त, कोंबड्या पाळणाऱ्या. पहिल्याच सकाळी त्यांनी हिरवट काळा, शेवाळासारखा दिसणारा एक गोळा ताटात वाढला. समुद्रातलं ते गवत तासन्‌तास शिजवून त्यावर ओटचं पीठ भुरभुरून तळतात. मुलीने फोटो काढला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं. वाईट नव्हतं. समुद्रात पडलेल्या अळूच्या वडीसारखं लागलं.

गाव म्हणजे रस्त्याच्या कडेची काही घरं, एक चर्च, एक गाड्यांचा तळ, आणि वाऱ्याला कंटाळून एका बाजूला वाकलेली झाडं. गावाबाहेर एक फलक होता. 'असामान्य निसर्गसौंदर्याचा प्रदेश' असा सरकारी किताब या द्वीपकल्पाला साऱ्या देशात पहिल्यांदा मिळाला, असं त्यावर होतं. फलकापुढे उभं राहिलं की नेमका समुद्र दिसत नव्हता. फलकाच्या मागे जावं लागत होतं. तिथे खाली पाच किलोमीटर लांब, रिकामी, फिकट वाळू, वर उतारावर एकच एक पांढरं घर, आणि वाळूत रुतलेल्या एका जुन्या लाकडी जहाजाच्या फासळ्या.

मला मात्र समुद्रापेक्षा शेतं आवडली. गाव आणि कडा यांच्या मध्ये लांब, अरुंद पट्ट्या होत्या. एकेका पट्टीत वेगळं पीक, आणि पट्ट्यांच्या मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, फक्त मातीचा हातभर उंच बांध. हजारेक वर्षं ही वाटणी अशीच चालत आली आहे, असं बाई म्हणाल्या. कोणाच्या वाट्याला सगळी चांगली जमीन येऊ नये म्हणून प्रत्येकाला इथे एक पट्टी, तिथे एक पट्टी. "बांध कोरून कोणी पुढे सरकत नाही?" असं मी विचारलं. बाई एकदम खूश झाल्या. "तुमच्याकडेही?" म्हणाल्या. मग आम्ही अर्धा तास बांधावरच्या भांडणांबद्दल बोललो. त्या अर्ध्या तासात मला चार दिवसांतलं सर्वांत आपलं माणूस भेटलं असं वाटलं.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक बांध आला. द्वीपकल्पाच्या दक्षिणेला गावांची नावं इंग्रजी, उत्तरेला वेल्श. बाहेरून आलेल्या सरदारांनी चांगली जमीन घेतली आणि जुन्या लोकांना चिखलाकडे ढकललं. उत्तरेच्या चिखलात बायका पिढ्यान्‌पिढ्या गाढवं घेऊन शिंपले वेचायला जात. बाईंची आजी त्यांतलीच. आजी वेल्श बोलायची. आईला ती कळायची. बाईंना येत नव्हती. साठी उलटल्यावर त्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती शिकल्या. "आजीची भाषा वही घेऊन शिकले," म्हणाल्या. "वेळ सांगायला सर्वांत अवघड."

मग अर्थातच मी आमची वेळ कशी सांगतात ते समजावलं. इंग्रजीत पाव तासाला तीन शब्द लागतात, आम्हाला एक पुरतो. सव्वा, साडे, पावणे. दीड आणि अडीच तर स्वतंत्रच. बाईंनी 'पावणे' तीनदा म्हणून पाहिलं. मुलगी समोर बसून टोस्टला लोणी लावत होती. तिने मान डोलावली. आपल्या घरची श्रीमंती परक्यापुढे मांडताना घरच्या माणसाने डोलवावी तशी.

त्या मंगळवारी दुपारी दोन वाजता आमच्या ऑफिसात पारितोषिक समारंभ होता. कुठल्या तरी संस्थेने आम्हाला समुद्राची काळजी घेतल्याबद्दल काचेची एक लाट दिली होती. ती लाट घेऊन युरोपातून मोठे साहेब आले होते. फोन बाहेर टोपलीत ठेवायचे असा आदेश होता. साहेब बराच वेळ बोलले. 'प्रवास' हा शब्द मी अकरा वेळा मोजला, आणि ते जहाजांबद्दल एकदाही बोलत नव्हते. मग लाटेबरोबर फोटो. मग वेगवेगळ्या खात्यांचे लाटेबरोबर फोटो. मग प्लास्टिकच्या डब्यांत करंजीसारखे करी पफ.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी मी टोपलीतून फोन उचलला. मुलीचा निरोप तीन वाजून पाच मिनिटांचा होता, इंग्रजीत. 'पार करतेय. सो प्रिटी. १०.४५ च्या आत परत. लॉट्स ऑफ टाइम ला.'

मी तो दोनदा वाचला. आकडा चुकून टाइप झाला असेल असं वाटलं. मग 'लॉट्स ऑफ टाइम' परत वाचलं.

चूक नव्हती. ते गणित होतं, आणि बरोबर होतं. सव्वादहा म्हणजे दहा पंधरा. साडेदहा म्हणजे दहा तीस. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. मग पावणेदहा म्हणजे दहा पंचेचाळीस नाही तर काय? कुठलंही शहाणं मूल हेच म्हणेल. शहाणं नसलेलं मूल विचारतं. आमचं विचारत नाही, डोलावतं.

तिकडे आठ पन्नास झाले होते. वाट बुडायला पंचावन्न मिनिटं. वाट पार करायला वीस. म्हणजे सव्वानवाच्या पुढेमागे तिने सापाच्या वशिंडावरून खाली उतरायला हवं होतं, आणि ती तर आरामात डोक्याकडे निघाली असणार. फोन लावला. 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती' वगैरे सुरू झालं. सापावर नेटवर्क नसतं हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे त्यावरूनच आम्ही भांडलो होतो.

मी नऊ नऊ नऊ, तिकडचा संकटकाळचा नंबर, दाबायला लागले होते. तिसऱ्या नवाला लक्षात आलं की इथून तो फोन सिंगापूर पोलिसांना जाईल. त्यांना काय सांगणार? मुलगी सापावर आहे म्हणून?

बाईंचा नंबर दोन वर्षांपूर्वीच्या ईमेलमध्ये होता. ईमेलमध्ये त्यांचं नाव शोधलं, सापडलं नाही. गावाचं नाव शोधलं, तर जहाजांची ईमेलं आली. शेवटी 'कोंबड्या' या अर्थाचा इंग्रजी शब्द शोधला आणि पहिल्याच ईमेलखाली नंबर होता. चार वाजले होते. घरचा फोन, तोही वाजत राहिला. परत लावला. परत.

मध्ये नवऱ्याला फोन केला. तो नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो. त्याने शांतपणे ऐकलं. तो रिपोर्ट वाचताना असाच शांत असतो. चांगल्या रिपोर्टलाही आणि वाईटलाही.

"तू तिला 'नाइन फॉर्टी-फाइव्ह' म्हणाली असतीस तर?"

"आता तेच सुचवायचंय का तुला?"

"मी आधीही सुचवलं होतं. तिला पावणे कळत नाही म्हणालो होतो. तू म्हणालीस, न कळायला काय झालं, चांगली डोलावते."

"फोन ठेव. लाइन मोकळी राहू दे."

"अगं, पण पाणी बघेल ना ती. मूर्ख नाहीये."

"मूर्ख नाहीये. पोहणारी आहे."

त्याने फोन ठेवला. खरी भीती तीच होती. इथल्या शाळांत पोहायला शिकवतात. आमची नुसती शिकली नाही, तिच्याकडे पदकं आहेत. पाणी म्हणजे निळ्या फरश्या आणि पांढरी रेघ अशी तिची समजूत. सापाच्या वाटेवर भरती दोन्ही बाजूंनी येते आणि मध्ये भिडते. न पोहणारा माणूस पाणी पाहून मागे फिरतो आणि सात-आठ तास गारठत बसतो. वाट बुडाली तर बेटावरच थांबा, पाण्यात उतरू नका, असा फलक तिथे आहे. तिथे माणसं दगावली आहेत, असं बाईंनीच सांगितलं होतं. पोहणारा माणूस मात्र अंतर बघतो आणि म्हणतो, एवढंच ना.

चार वाजून आठ मिनिटांनी बाईंनी फोन उचलला. धापा टाकत होत्या.

मी कोण ते सांगितलं. मुलगी सापावर आहे ते सांगितलं. वेळ चुकीची समजली आहे, तिला तासभर जास्त वाटतोय, ते सांगितलं.

"पण चुकेल कशी? तुम्ही तर बोटींचं बघता."

"मी तिला मराठीत 'पावणेदहा' सांगितलं."

मागे कोंबड्या कलकलत होत्या. मग त्या म्हणाल्या, "अरे देवा. तुमचे ते पाव."

"हो."

"किती वाजता पार केलं तिने?"

"आठ वाजून पाच मिनिटांनी निघाली."

"म्हणजे डोक्याशी बसली असेल. तिथे सगळेच बसतात. पोहते का ती?"

"चांगली पोहते."

"हे वाईट झालं," बाई म्हणाल्या. "ऐका. कड्याच्या टोकावर टेहळणीची खोली आहे, पण तिथली माणसं दहाला येतात. मला चालत अर्धा तास लागेल. शेजारचा मेंढ्यांना खायला घालायला निघालाय, त्याच्या चार चाकांच्या मोटारसायकलवरून जाते. ती पाण्यात उतरलेली दिसली तर तटरक्षकांना मीच बोलावते. आता फोन ठेवते. तुम्ही करू नका, घरी कोणी नसेल."

"तुमचा मोबाइल?"

"ड्रॉवरमध्ये आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

चार वाजून बारा मिनिटं झाली होती. तिकडे नऊ बारा.

यानंतरच्या वेळेबद्दल मला फार काही सांगता येणार नाही, कारण त्यात काही झालं नाही. मी खिडकीशी उभी होते. खाली बाटाम बेटाच्या बोटीला माणसं रांग लावत होती. बाजूला एक क्रूझचं जहाज इमारतीसारखं उभं होतं, त्याच्या पलीकडे सेंटोसाला जाणारे केबल कारचे डबे ठरल्या अंतराने सरकत होते. आमच्याकडचा समुद्र सरळ रेषेत बांधून काढलेला आहे. भरती आली की काठावरची आकड्यांची पट्टी दोनेक मीटर बुडते आणि ओहोटीला परत दिसते, बस. त्या द्वीपकल्पाकडे पाणी आठ-नऊ मीटर चढतं. तीन मजले. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं तेव्हा टाळी वाजवली होती.

टेबलावर माझ्याच हाताचं वेळापत्रक होतं. १६३०, १७१५, १८४५. एकाही आकड्यात दोन अर्थ नव्हते.

चार पंचवीसला आमची बाजूची सहकारी आली. चिनी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, निवृत्तीला टेकलेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण वारलं?"

"कोणी नाही."

"मग बस."

मी बसले. तिने गरम पाण्याचा कप आणून ठेवला आणि आपल्या जागेवर गेली. साहेबांबरोबर आलेली जनसंपर्कवाली मुलगी दारातून डोकावली. लाटेबरोबर आमच्या खात्याचा फोटो राहिला होता. सहकारी तिला म्हणाली, "नॉट नाऊ." तो आवाज ऐकून जनसंपर्कवाली लाटेसकट गेली.

साडेचारला मला आजीचं आठवलं. आमची मुलगी दहा वर्षांची असताना पुण्याला माझ्या आईने तिला सांगितलं होतं, रविवारी पावणेआठला फोन कर, मी पोथी संपवून बसते. मुलीने केला तो पावणेनऊला. आजी फोनजवळ तासभर बसून, चिडून, कोणाकडे तरी निघून गेली होती. आम्ही मुलीला रागावलो. विसरलीस म्हणालो. ती रडली, "मी बरोबर केला," म्हणाली, आणि घड्याळ दाखवलं. आम्ही घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. हे मला अकरा वर्षांनी, चौदाव्या मजल्यावर, सगळं एकदम कळलं. त्या दिवशी नुसतं विचारलं असतं, "पावणेआठ म्हणजे किती गं?" तर एका मिनिटाचं काम होतं. त्यानंतर ती शिकली ती एवढंच, की आई मराठीत वेळ सांगते तेव्हा डोलवायचं आणि मग आपल्या अंदाजाने वागायचं.

चार पंचेचाळीस. तिकडे पावणेदहा. मी फोनकडे पाहत होते. नवऱ्याचा निरोप आला, 'काही?' मी 'नाही' असं लिहिलं. त्याने पुढे काही लिहिलं नाही. त्या न लिहिण्याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे.

पाच वाजायला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. मुलीचा नंबर.

"हॅलो," बाईंचा आवाज आला. "ओली आहे, पण अख्खी आहे."

 वाऱ्याचा आवाज फार होता. बाई त्यावरून ओरडून सांगत होत्या. कड्यावर पोहोचलो तेव्हा वीस मिनिटं उरली होती. दुर्बिणीतून पाहिलं तर मुलगी वशिंडाच्या उतारावर आरामात बसून सँडविच खात होती. शेजाऱ्याने गाडीचा हॉर्न लावून धरला. बाईंनी पांढरं एप्रन काढून दोन्ही हातांनी हलवलं. हिने उठून परत हात हलवला. छान, मैत्रीपूर्ण. दुसऱ्यांदा हात हलवला. मग शेजाऱ्याने कुत्र्याला बोलावतात तशी शिट्टी घातली आणि बाईंनी मनगटावर बोट आपटून दाखवलं. ते एवढ्या लांबून तिला दिसलं असेल असं नाही, पण ती उठली आणि उतरायला लागली. शेवटची पन्नास पावलं गुडघ्याच्या वर पाणी होतं. शेजारी कमरेपर्यंत आत गेला आणि तिच्या बॅगेला धरून ओढून आणलं.

"सुमारे पावणेदहाला," बाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी मराठीत उच्चारला, अगदी व्यवस्थित. "देते तिला."

मुलगी भडकलेली होती.

"आई! तू एका आजीला क्वाडबाइकवरून पाठवलंस?"

"हो."

"त्या माणसाने मला बॅगेने ओढलं. लाइक अ शीप! मी येतच होते. मला पाणी दिसत होतं. मी काय ब्लाइंड आहे?"

"सँडविच खात होतीस म्हणे."

"खाऊन येतच होते!" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "पाणी सो फास्ट येतं, आई. मी आधी पाहिलं तेव्हा खडक होते. मग शूजला लेस बांधली, आणि वर पाहिलं तर नव्हते."

मी हातातला कप खाली ठेवला. तो केव्हाच गार झाला होता. ती पाण्यात उतरली असती का, हे मी विचारलं नाही. ती येतच होती की नव्हती, हेही नाही. बाईंचं एक म्हणणं आहे, तिचं एक. दोन्ही ठिकाणी मी नव्हते.

"ऐक," मी म्हणाले. "चूक माझी आहे. पावणेदहा म्हणजे नऊ पंचेचाळीस."

वारा. मागे बाई त्या शेजाऱ्याला काहीतरी सांगून हसत होत्या.

"नाइन फॉर्टी-फाइव्ह? पण त्यात दहा आहे."

"हो. दहाला पाव कमी."

"मग दहा पंचेचाळीसला काय म्हणतात?"

"पावणेअकरा."

"अकरा तर वाजलेच नाहीत अजून!" आता तिचे दात वाजताना ऐकू येत होते. "दॅट मेक्स नो सेन्स. जे आलंच नाही ते तुम्ही लोक आधीच कसं मोजता?"

ऑफिसात जनसंपर्कवाली मुलगी लाट घेऊन परत आली होती आणि दारात घुटमळत होती. मी तिला हातानेच थांब म्हटलं.

"आधी मोजे बदल," मी म्हणाले. "मग सांगते."